एकास नऊ पाणी

मित्रांनो, मी बाटली आहे, जुनी आहे आणि वैतागलेली आहे.

आत्मवृत्त सांगणाऱ्या वस्तूने नम्र असावं, अशी अपेक्षा असते. मोडकी खुर्ची नम्रपणे बोलते, गंजलेलं कुलूप नम्रपणे बोलतं. त्यांना ते परवडतं. त्यांच्यापायी कोणाची सहा वर्षं मातीत जायची वेळ आली नव्हती. माझ्यापायी आली होती आणि त्यात माझा दोष मोहरीएवढाही नव्हता. तेव्हा नम्रपणाचं पुढे पाहू.

माझा जन्म काचेच्या भट्टीत झाला. एका खोक्यात आम्ही साठ भावंडं होतो. काही खोकल्याच्या औषधाकडे गेली, काही डोळ्यांच्या थेंबांकडे, आणि एक धाकटी म्हणे अत्तराकडे गेली. तिचा विषय निघाला की मी अजूनही दुसरीकडे बघते. माझ्या वाट्याला आयोडीन आलं. आयोडीनला उजेड सोसत नाही, म्हणून माझं अंग तपकिरी. डोक्यावर काळं झाकण, झाकणातून पोटापर्यंत उतरलेली काचेची नळी आणि वर रबराचा फुगा. फुगा चिमटीत दाबून सोडला की मी घोट भरते, पुन्हा दाबला की थेंब टाकते. एवढंच माझं काम. पण हा थेंब खोटं बोलत नाही. निदान त्याला माणसासारखं वागवलं तर.

भट्टीतून मी आले ती थेट पीक संशोधन केंद्राच्या स्टार्च विभागात. विभाग म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची एक लांबट खोली. एका भिंतीला कपाट, मधे स्टीलचं टेबल, कोपऱ्यात पांढरंशुभ्र बेसिन, आणि एक फ्रिज. फ्रिजच्या दारावर 'यात जेवणाचे डबे ठेवू नयेत' अशी पाटी आहे. ती पाटी सापडावी म्हणून डबे जरा बाजूला सारावे लागतात. खिडकीतून खाली काचेचं हरितगृह दिसतं. त्यात बटाट्याची रोपं.

बटाट्यात स्टार्च असतो, हे तुम्हाला शाळेत सांगितलं असेलच. तो दोन तऱ्हांचा असतो, हे सांगायचं बहुधा राहून गेलं असेल. एक सरळ: लांबलचक धागा, स्प्रिंगसारखा पिळलेला. दुसरा फांद्यांचा: फांदीला फांदी, तिला आणखी फांदी, नुसतं झुडूप. साध्या बटाट्यात साधारण पाचातला एक भाग सरळ आणि चार भाग झुडपाचे. माझा थेंब सरळ धाग्याच्या पिळात शिरून ऐसपैस बसला की निळा रंग येतो. झुडपात त्याला धड बसायला जागा मिळत नाही, तो अवघडून बसतो आणि रंग येतो विटकरी. निळा म्हणजे सरळ आहे. विटकरी म्हणजे सरळ नाही. इतकं सोपं आहे. माणसांनी त्यातही घोळ घातला, याबद्दल त्यांचं कौतुक करावं तेवढं थोडंच.

आता सरळ धागा कोणाला नको होता? आमच्या बाईंना. बाई म्हणजे या विभागाच्या प्रमुख, आणि मामा सोडले तर विभागातल्या एकमेव कर्मचारीही. सरळ धागा भांडखोर असतो. खळ शिजवून गार केली की सरळ धागे एकमेकांच्या झिंज्या धरून बसतात, खळ थिजते आणि कडेने पाणी सोडते. झुडपाचीच खळ केली तर ती स्वच्छ राहते आणि गार झाली तरी मऊ. कागदवाल्यांना तशी हवी, डिंकवाल्यांना तशी हवी. कारखान्यात सरळ धागा वेगळा काढायचा तर ढीगभर पाणी आणि रसायनं लागतात. बाई म्हणाल्या, त्यापेक्षा बटाट्यालाच सांगू, तू तो करूच नकोस.

बटाट्याला सांगणं सोपं नसतं. त्याच्या पेशीत सरळ धागा विणणारा एक कारागीर असतो, आणि एक जनुक दिवसभर चिठ्ठ्या पाठवून असे कारागीर घडवून घेत असतं. बाईंनी जनुकाला हात लावला नाही. त्यांनी त्याच चिठ्ठीची एक उलटी प्रत पेशीत छापली जाईल अशी सोय केली. सुलटी चिठ्ठी आणि उलटी चिठ्ठी एकमेकींना चिकटतात. अशा जोडचिठ्ठ्या एरवी विषाणू आणतात, त्यामुळे पेशीला त्यांचा भारी संशय. ती त्यांचे तुकडे करते आणि त्या तुकड्यांशी ताडून बघत त्या मजकुराची दिसेल ती चिठ्ठी फाडत सुटते. जनुक बिचारं सांगतच राहतं, निरोप पोचत नाही, कारागीर घडत नाही. याला म्हणतात जनुक गप्प करणं. मला विचाराल तर जनुक गप्प होतच नाही, त्याचं कोणी ऐकत नाही एवढंच. ही अवस्था माझ्या चांगली ओळखीची आहे.

रोज दुपारी एक वाजता बाईंच्या आईंचा फोन यायचा. बाईंच्या हातात रबरी मोजे असायचे, म्हणून फोन टेबलावर ठेवून मोठ्याने चालायचा, आणि आम्ही सगळे ऐकायचो.

"काय गं, झाला का तुझा बटाटा गप्प?"

"होतोय, आई. वेळ लागतो."

"सहा वर्षं? जावईबापूंना गप्प करायला तुला सहा दिवस लागले नाहीत."

मामा अशा वेळी बेसिनचा नळ मोठा सोडायचे, म्हणजे हसू ऐकू जाऊ नये. मामा म्हणजे आमचे काचसामान धुणारे, खोली झाडणारे, किल्ल्या सांभाळणारे गृहस्थ. केंद्रातले सगळे त्यांना मामा म्हणतात, वयाने मोठे असलेलेही.

सुरुवातीला वाण चाळीस होते, आणि प्रत्येकाला क्रमांक. बहुतेक क्रमांकांनी बाईंचं ऐकलंच नाही. मग चौदा आला. चौदाच्या कापावर मी थेंब टाकला आणि असा विटकरी रंग उमटला की बाई स्टुलावरून उठून उभ्याच राहिल्या. मुख्य कार्यालयातले समन्वयक साहेब धावत आले. फोटो निघाला. "काय रंग आहे!" असं साहेब माझ्याकडे बघून म्हणाले. माझ्या आयुष्यातली तेवढी एक शाबासकी. फोटोत माझा फक्त फुगा आला.

तिसऱ्या वर्षी चौदाच्या कापांवर निळे डाग दिसायला लागले, आणि पुढच्या पिकात अर्धे कंद निळे. जनुकाचे निरोप पुन्हा पोचायला लागले होते. का, ते बाईंनाही धड कळलं नाही. असल्या वाणाचे कंद उचलून उकिरड्यावर टाकता येत नाहीत, तसा नियम आहे. ते ऑटोक्लेव्हमध्ये घालून वाफेने मारावे लागतात. ऑटोक्लेव्ह म्हणजे प्रेशर कुकरचा थोरला भाऊ, खालच्या मजल्यावर असतो. चौदा आत गेला तो लगदा होऊन बाहेर आला. त्या दिवशी बाईंनी जेवणाचा डबा उघडला नाही, आणि मामांनी नळ मोठा सोडला नाही.

उरला एकोणतीस. हा अबोल, बारका, काहीसा वेडावाकडा बटाटा. तीन पिकं झाली, तिन्ही वेळा विटकरी. त्याचे सव्वीस कंद बाईंनी लाकडी खोक्यात बाळंतिणीसारखे जपले होते. एक समिती येणार होती. तिच्यासमोर एकोणतीस विटकरी ठरला की त्याला उघड्या शेतात लावायची परवानगी. नाही ठरला, तर ऑटोक्लेव्ह, विभाग बंद, हरितगृह टोमॅटोवाल्यांना, आणि बाईंची बदली मुख्य कार्यालयात, इतरांच्या प्रयोगांचे अर्ज तपासायला. टोमॅटोवाले आठवड्यातून दोनदा येऊन खिडक्या मोजून जायचे.

आता माझ्या पोटाविषयी बोलणं आलं.

कपाटाच्या वरच्या खणात एक मोठी बरणी आहे. तिच्यात मूळ आयोडीन, दाट, डांबरासारखं काळं. ते तसंच वापरायचं नसतं. बरणीतलं एक माप घ्यायचं, त्यात नऊ मापं पाणी घालायचं, आणि ते मला पाजायचं. मग मी फिक्या चहासारखी दिसते आणि खरं बोलते. दाट पाजलं तर माझा थेंब सगळ्यावर सारखाच चढतो. निळा इतका गडद की काळा, विटकरी इतका गडद की काळा. मग मला विचारून उपयोग नाही. भलत्या माणसाच्या हाती कारभार गेला की असंच होतं, सगळे एकाच रंगाचे दिसायला लागतात.

हे बाईंना ठाऊक होतं. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या अंगावर सुबक अक्षरात चिठ्ठी चिकटवली होती: 'आयोडीन. एकास नऊ पाणी.' खाली तारीख. ती चिठ्ठी ओली होऊन फिकी पडली, तशी तिच्यावर दुसरी आली. दुसरीवर तिसरी. मित्रांनो, जुनी काढून नवी लावावी हे या खोलीत कोणाला सुचत नाही. माझ्या अंगावर एकावर एक अशा सात चिठ्ठ्या झाल्या, कंबर सुटल्यासारखी दिसायला लागले मी. आणि प्रत्येक चिठ्ठीगणिक मजकूर आखूड होत गेला. तिसऱ्या चिठ्ठीवर तारीख गेली. पाचवीवर पाणी गेलं. सातवी मामांच्या हातची, तिच्यावर नुसतं 'आयोडीन'.

बाई एकदा म्हणाल्याही होत्या, "मामा, प्रमाण लिहायचं राहिलं."

"सगळ्यांना माहीतच आहे की, बाई."

"हो, तेही खरंच."

खरंच! सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट ही जगातली सगळ्यात धोकादायक गोष्ट आहे. तिला कोणी लिहून ठेवत नाही.

समितीचा दिवस उजाडला. अकराला समिती येणार. दहाला बाई हरितगृहात होत्या, मामा खुर्च्या पुसत होते, आणि खोलीत समन्वयक साहेब एकटे शिरले. साहेब वाईट माणूस नाही. कामाचं सोंग आणणारा आळशी माणूस परवडला, पण हे खरोखरच काम करतात. त्यांनी मला उचललं, खिडकीशी धरलं.

"एवढं फिकं? आणि बोटभरच? मागच्या रांगेला काय दिसणार?"

समितीत तीन माणसं होती. मागची रांग नव्हती. पण साहेबांच्या मनात ती कायम असते. त्यांनी माझं झाकण उघडलं, वरची बरणी काढली आणि मला दाट आयोडीन गळ्यापर्यंत पाजलं. पाण्याचा थेंब नाही. पोटात नुसती जळजळ सुटली. वर रुमालाने माझं अंग पुसून साहेबांनी मला टेबलाच्या मधोमध ठेवलं, चिठ्ठी समोर येईल अशी. चिठ्ठीवर काय? 'आयोडीन'. ते तर होतंच.

समिती आली. दोन गृहस्थ आणि एक वयस्क बाई. या वयस्क बाई समितीच्या अध्यक्ष, स्वतःही आयुष्यभर पिकांत काम केलेल्या, आणि खुर्चीत बसल्याबसल्या त्यांनी खुर्चीच्या पायाखाली कागदाची घडी सारली, कारण खुर्ची डुगडुगत होती. मला त्या आवडल्या.

आमच्या बाईंनी डाव्या ताटलीत साध्या बटाट्याचा काप ठेवला, उजव्या ताटलीत एकोणतीसचा. फुगा दाबला. डावीकडे थेंब: काळा. उजवीकडे थेंब: काळा.

तिघंही पुढे वाकले.

"दोन्ही सारखेच दिसतात," समितीतले एक गृहस्थ म्हणाले.

"थांबा. दुसरा कंद घेते." दुसरा काळा. "आणखी एक." तिसरा काळा. पाठोपाठ साध्याचे आणखी दोन काप, तेही काळे.

"चौदाचंच पुन्हा झालं म्हणायचं," साहेब हळहळून म्हणाले. हळहळ मनापासूनची होती. तेच तर असह्य होतं.

मित्रांनो, त्या क्षणी मी आतून किती ओरडले असेन! अहो, साधा बटाटा निळा यायचा असतो! निळा! तो आज काळा आला आहे. माझा निळा कुठे गेला, एवढं तरी विचारा. एक शहाणा माणूस, फक्त एक, डाव्या ताटलीकडे बघून म्हणू द्या की हे काय भलतंच. पण सगळ्यांचे डोळे उजव्या ताटलीवर. डावीकडे कोण बघतो? साध्या बटाट्याकडे कोणी कधी बघितलंय?

आणि बाईंनी तरी का बघितलं नाही, म्हणाल तर त्यांनी चौदा पाहिला होता. ज्याला एकदा दगा झाला त्याला दुसरा दगा ओळखीचा वाटतो. चारच्या आत कंद नष्ट करून तसं लिहून द्यावं, असं ठरलं. अध्यक्षबाई उठताना म्हणाल्या, "वाईट वाटलं. काम स्वच्छ होतं तुमचं." मग सगळे वरच्या मजल्यावर बैठकीला गेले, कारण त्यांना अजून टोमॅटो बघायचे होते.

एकला फोन वाजला.

"झालं का गं?"

"आई, नंतर बोलू या."

"गप्प आहे ना तो?"

"नाही. बोलला."

मग आई म्हणाल्या, "नीट ऐकलंस ना तू? नाही, तुझ्या बाबांना कमी ऐकू यायला लागलं होतं ना, तेव्हा त्यांना वाटायचं मीच पुटपुटते. दोन वर्षं माझ्या तोंडाला दोष दिला त्यांनी. कान तपासले ते शेवटी."

"आई, प्लीज."

मी म्हटलं, काकू, तुम्ही या. तुम्ही इथे या आणि विभाग चालवा. पण फोन बंद झाला.

मामांनी सव्वीस कंद दोन ट्रेमध्ये तेरा-तेरा लावले. एवढ्याशा कंदांना दोन ट्रे कशाला, कोण जाणे. कदाचित एका खेपेत संपवायला त्यांचं मन होत नव्हतं. साडेतीनला पहिला ट्रे खाली ऑटोक्लेव्हमध्ये घालून, दार फिरवून, ते वर आले. दुसरा ट्रे दारापाशी जमिनीवर. बाई स्टुलावर पाठमोऱ्या बसून वहीतली पानं उलटत होत्या. मामा ताटल्या धुवायला घेऊन बेसिनपाशी उभे राहिले.

आता ऐका. ते बेसिन नवीन होतं. महिन्यापूर्वी त्यावर आयोडीनचे डाग पडले म्हणून साहेबांनी मामांना सगळ्यांदेखत झापलं होतं. तेव्हापासून मामांनी एक खोड लावून घेतली होती. काप तसेच टाकायचे नाहीत. आधी प्लास्टिकच्या टबात पाणी भरायचं, काप त्यात बुडवून ठेवायचे, दोन-तीनदा पाणी बदलायचं, रंग उतरला की मगच पिशवीत. केंद्रातल्या कुठल्याही नियमावलीत हे नाही. हा निव्वळ मामांचा राग होता, शिस्तीच्या वेषात.

तर ते सहा काळे काप टबात बुडाले. पाणी तपकिरी झालं. मामांनी ते ओतलं, दुसरं भरलं. मग तिसरं. तिसऱ्यांदा पाणी भरल्यावर ते वाकून बघत राहिले.

"बाई, जरा येता का?"

"मामा, आत्ता नको."

"नको तर नको. माझं काय जातंय? पण टबात दोन रंगांचे काप झालेत, एवढं कानावर घातलंय. उद्या म्हणू नका की मामा बोलला नाही."

स्टूल सरकल्याचा आवाज आला. बाई येऊन मामांच्या खांद्यावरून बघायला लागल्या. टबाच्या तळाशी सहा काप पडले होते. तीन निळे. तीन विटकरी. जास्तीचं आयोडीन पाण्याने धुऊन नेलं होतं, आणि उरलेलं जे होतं ते खरं बोलत होतं.

"यातले एकोणतीसचे किती होते?"

"मला कसं माहीत? तुम्हीच कापलेत."

"तीन," बाई स्वतःशीच म्हणाल्या. "तीन आणि तीन." मग त्या वळल्या, टेबलाशी आल्या आणि त्यांनी मला उचलून खिडकीशी धरलं. माझ्यातून पलीकडचं हरितगृह दिसायला हवं होतं. काळोखाशिवाय काही दिसलं नाही.

"मामा, हे दाट आहे. कोणी भरलं हे?"

"मी नाही भरलं."

"मग कोणी?"

"सकाळी साहेब होते खोलीत."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

"साहेब खोलीत आले, हे काय सांगण्यासारखं आहे? ते रोजच..." मामा थांबले. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि दोघंही एकदमच दाराकडे धावले. बाईंचा पाय दुसऱ्या ट्रेला लागला आणि तेरा कंद जमिनीवर गडगडले. त्यांच्यावरून उडी मारून त्या जिन्याकडे गेल्या.

ऑटोक्लेव्हचं दार वाफ उतरल्याशिवाय उघडत नाही. मला खालचं दिसत नाही, पण बाई वर आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. पहिल्या ट्रेचा लगदा झाला होता. त्या जमिनीवर बसल्या आणि टेबलाखाली, फ्रिजखाली हात घालून कंद वेचायला लागल्या. मामा मोजत होते. "अकरा... बारा... बाई, तेरावा तुमच्या पायाशी आहे."

मग मला रिकामं केलं, तीनदा धुतलं, आणि एकास नऊ पाणी, मापाने, पाजलं. पोटातली आग विझली. नवा काप, नवा थेंब. साधा निळा. एकोणतीस विटकरी. बाईंनी तेवढ्यावर सोडलं नाही. कापावरचा रस काचपट्टीवर पसरून, माझा एक थेंब देऊन, मायक्रोस्कोपखाली धरला. बराच वेळ त्या डोळा लावून होत्या. मामांनी न राहवून विचारलं, "काय?"

"कण सगळे विटकरी आहेत. पण प्रत्येकाच्या मधोमध निळा ठिपका आहे. बारीकसा. कण जन्मला तेव्हा थोडा धागा झालाय, मग बंद झालाय."

"म्हणजे गप्प आहे की नाही?"

"पुटपुटतोय," बाई म्हणाल्या, आणि सकाळपासून पहिल्यांदा हसल्या.

समितीला टोमॅटोंमधून परत बोलावलं. साहेबांना सगळं सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला, आणि मग ते म्हणाले, "पण बाटलीवर लिहिलेलं नव्हतं."

मित्रांनो, सगळ्यात जास्त संताप मला याचाच येतो. तो माणूस खरं बोलत होता.

अध्यक्षबाईंनी स्वतः टब बघितला, ताटल्या बघितल्या, डोळा लावून ठिपका बघितला. साहेब आतापर्यंत सावरले होते. "म्हणजे मॅडम, शंभर टक्के यश, असंच लिहू ना?"

"नाही. ठिपका आहे," बाई म्हणाल्या.

"अहो, एवढ्याशा ठिपक्याचं काय घेऊन बसलात!"

"तो वाढला तर चौदा होतो."

"लिहा ठिपका," अध्यक्षबाई म्हणाल्या. "तुम्ही नाही लिहिलात तर पुढच्या वर्षी मी येऊन शोधीन, आणि मला शोधायला आवडत नाही." मग त्यांनी वहीत एक हंगाम, एक वाफा आणि तेरा कंद, एवढीच परवानगी लिहिली. तेरावर त्यांची लेखणी जरा थांबली. "सव्वीस होते ना?"

साहेब खिडकीबाहेर बघायला लागले.

संध्याकाळी बाईंनी कोमट पाण्यात मला बुडवून माझ्या वरच्या सहा चिठ्ठ्या नखाने खरवडून काढल्या. अर्धा तास लागला. सगळ्यात खाली त्यांचंच सहा वर्षांपूर्वीचं सुबक अक्षर निघालं: 'एकास नऊ पाणी.' शाई उडाली होती, पण वाचता येत होतं. त्या ते बराच वेळ बघत बसल्या. मग तीही चिठ्ठी काढली आणि नवी लावली. तिच्यावर प्रमाण, भरल्याची तारीख, आणि भरणाऱ्याची सही. पहिली सही मामांची. त्यांनी ती अशी ठसठशीत केली की जणू घराचं खरेदीखत.

तेरा कंद वाफ्यात गेले आणि हंगामाअखेर त्यांचे दीडशेवर झाले. मी एकेकाला थेंब दिला. विटकरी. ठिपका आहे तेवढाच आहे, वाढलेला नाही. बाई अजून याच खोलीत आहेत. टोमॅटोवाल्यांनी खिडक्या मोजणं सोडलंय. एकचा फोन अजून येतो. त्या दिवशी आईंना सगळं कळलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "कान तपासले ना शेवटी?" मुख्य कार्यालयाच्या वार्षिक अहवालात फोटोही आला. साहेबांनी समितीसमोर काढलेला, दोन ताटल्या, दोन काळे काप, आणि खाली 'प्रयोगाचे यशस्वी प्रात्यक्षिक'. माझा या वेळी फुगाही आलेला नाही.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत, कामाच्या जागी माझ्यासारखी कोणी असेल, तर तिच्या अंगावर नीट लिहा. काय आहे, किती पाणी आहे, कधी भरलंय. आम्हाला तोंड आहे, पण बोलता येत नाही. तुम्ही लिहिलंत तेवढंच आम्ही बोलतो. सगळ्यांना माहीत आहे असं म्हणू नका. ते तेरा कंद गेले ते सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टीपायीच.

माझ्या चिठ्ठीवर आज जी तारीख आहे ती तीन महिन्यांपूर्वीची आहे. त्यानंतर मला दोनदा भरलंय. मामांना विचारलंत तर ते काय म्हणतील, हे मी सांगायला नको.

आणि मगाशी ज्याने कोणी मला कपाटात ठेवलं, त्याने झाकण अर्धंच फिरवलंय. जाता जाता तेवढं लावा. पूर्ण.